साक्षीला नास्तिक हवा

मास्तरांबरोबर रस्त्याने चालायची मला पहिली काही वर्षं लाज वाटायची. पुढे पुढे त्यांनाच कुणाहीबरोबर चालायची लाज वाटू लागली. दोन्हींची कारणं वेगळी होती.

माझ्या लाजेचं कारण सोपं होतं. धोतर, त्यावर काळा बंद गळ्याचा कोट, पायात पोरं कवायतीला घालतात तसले कॅनव्हासचे बूट, असा त्यांचा थाट असे. कोटाच्या खिशात खडूचा एक तुकडा. हा खडू शाळेचा नसे. शाळेचा खडू वर्गाबाहेर नेणं त्यांच्या हिशेबी चोरी होती, आणि चोरीचा खडू देवाच्या कामाला चालत नाही म्हणून ते बाजारातून स्वतःचा विकत आणत.

देवाच्या कामाला खडू कशाला लागतो, ते सांगायला हवं.

वणीला निरगुडा नदीच्या काठी महादेवाचं एक लहानसं देऊळ होतं. तिथे गाभाऱ्यात पिंडीसमोर एक काळा धोंडा होता. घमेल्यासारखा, खालून गोल आणि वरून सपाट. मनात प्रश्न धरायचा, त्यावर मांडी घालून बसायचं, हात जोडायचे आणि डोळे मिटायचे. थोड्या वेळाने धोंडा माणसासकट फिरू लागे. उजवीकडे फिरला तर देवाचा होकार आणि डावीकडे फिरला तर नकार. जागचा हललाच नाही तर देवाला सवड नाही, पुढच्या सोमवारी या.

मास्तर शाळेत भूमिती शिकवत. त्यामुळे देवाचं उत्तर ते अंदाजाने घेत नसत. बसण्याआधी धोंड्यावर आणि खालच्या फरशीवर खडूने एक सरळ रेघ ओढत, आणि उतरल्यावर रेघेचा वरचा तुकडा खालच्यापासून कुणीकडे सरकला ते बघत. बोटभर तरी सरकल्याशिवाय ते उत्तर धरत नसत. महादेवाला इतक्या काटेकोरपणाची सवय नसावी, पण त्याने कधी तक्रार केली नाही.

ज्या वर्षी नागपूरला बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली आणि लगेच आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी जूनमध्ये मी अमरावतीहून वणीच्या शाळेत आलो. बरीच पुस्तकं वाचलेली होती आणि देव नाही हे मी शिक्षकांच्या खोलीत पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं. मास्तर माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. ते माझ्याकडे बघून फक्त हसले आणि सोमवारी संध्याकाळी माझ्या खोलीवर हजर झाले.

"चाल बापू, देवळात साक्षीले."

मी म्हटलं, मी देव मानत नाही.

"म्हणूनच तुले नेऊन राह्यलो," ते म्हणाले. "मानणाऱ्याले आणलं का त्याले जे पाह्यजे तेच दिसते. साक्षीले नास्तिक बरा."

तेव्हापासून मी त्यांचा साक्षीदार झालो. धोंडा कसा फिरतो याचा खुलासाही मी त्यांना ऐकवला होता. माणूस ताटकळत बसला की शरीर नकळत मनाच्या बाजूला झुकतं, तोल जातो आणि धोंडा फिरतो, यात देव कुठे आला? मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, झुकत असेल, पण ते मन माणसात कुणी घातलं? एवढं बोलून त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. एका तासाच्या व्याख्यानाचं मला मिळालेलं फळ म्हणजे तो कोट सांभाळणं.

मात्र ते ऊठसूट देवाकडे धावत नसत. त्यांचा एक नियम होता आणि तो ते पोरांनाही सांगत. जे माणसाला विचारून कळतं ते देवाला विचारू नये. पाऊस येईल का, असं कुणी विचारायला सांगितलं तर चिडत. "छत्री घे ना. त्याले काहून तरास देतं?" परीक्षेत पास होईन का, असं विचारणाऱ्या पोराला त्यांनी देवळातून वर्गात आणून प्रमेय सोडवायला लावलं होतं. यामुळे गावात त्यांचा शब्द चाले. मास्तर उजवा म्हणाले म्हणजे उजवा. लग्नं, वाटण्या, विहिरीच्या जागा यांसाठी लोक त्यांना आपल्या वतीने धोंड्यावर बसवत, आणि ते दक्षिणा न घेता बसत.

त्या सुमाराला वणीत घर मिळणं कठीण झालं होतं. कोळशाच्या खाणींचे ठेकेदार, त्यांचे कारकून, ट्रकवाले, सगळ्यांना वर छप्पर असलेली कुठलीही वस्तू हवी होती. गुरांचे गोठे चुना मारून भाड्याने जात होते. सकाळी सांगितलेला भाव संध्याकाळी राहत नसे. मास्तरांच्या घरमालकानेही त्यांच्या दोन खोल्या एका ठेकेदाराच्या कचेरीला कबूल केल्या आणि पावसाळ्याच्या आत जागा सोडा म्हणून सांगितलं.

मास्तर घर शोधायला निघाले ते महादेवाला बरोबर घेऊन. दलाल घर दाखवी, मास्तर सोमवारपर्यंत थांबा म्हणत, आणि सोमवारी धोंडा डावीकडे फिरे. एक घर कापसाच्या जिनिंगला लागून होतं, ते डावं. एक बाजारात, तेही डावं. तिसरं मला फार आवडलं होतं. त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा धोंडा हललाच नाही आणि पुढच्या सोमवारपर्यंत ते एका ट्रकवाल्याने घेतलं. दलाल मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, त्याहीच्या देवाले म्हणा का जरा बाजारभाव पाह्यत जा."

बाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, भावापेक्षा पावसाला भीत होत्या. पदरी दोन मुली. धाकटीला दम्याचा त्रास. आदल्या पावसाळ्यात ओल्या भिंतीपाशी रात्र रात्र तिला मांडीवर घेऊन बसलेल्या. नवऱ्याला तोडून बोलत नसत, पण एकदा माझ्यासमोर म्हणाल्या, "देवाले घर आहे जी. म्हणून त्याले घाई नाही."

मग सरूबाईचं घर निघालं.

सरूबाई विधवा. मुलगा चांद्याला नोकरीला, तो तिला घेऊन जाणार होता. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, भिंती जाड, अंगणात निंब आणि स्वतःची विहीर. मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या, त्यांचं दार मागच्या गल्लीत उघडे. तिथे तुळशीराम पोस्टमन बायकोपोरांसह भाड्याने राहत असे. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता, घरातले देव त्याने नदीत सोडले होते. सरूबाई आजारी पडली तेव्हा डॉक्टरला सायकलवर बसवून यानेच आणलं होतं. तिने त्याला शब्द दिला होता, घर विकीन तर तुला. त्यानेही पैशांची जुळवाजुळव केली होती. आणि पावसाळ्यात छप्पर शाकारायला लागतील म्हणून नव्या कवेलूंचा एक थर अंगणात, निंबाखाली, रचून ठेवला होता.

हा शब्द बाहेर फुटला आणि गल्लीत हालचाल सुरू झाली. मागच्या दाराने जाणारा माणूस आता पुढच्या दाराने येणार, पुढच्या विहिरीला त्याच्या बायकोचा हात लागणार. यावर सगळ्यात सभ्य भाषेत बोलले ते गल्लीतलेच वकीलसाहेब. ते वाचनालयाचे अध्यक्ष होते. दीक्षेच्या आधी काही महिने त्यांनी वाचनालयात बुद्धाच्या करुणेवर दीड तास व्याख्यान दिलं होतं, मी स्वतः ऐकलं होतं. तेव्हा बुद्ध बराच लांब होता. आता तो सरूबाईच्या पुढच्या दाराशी आल्यावर वकीलसाहेब म्हणू लागले की माणसाला विरोध नाही, प्रश्न गल्लीच्या वातावरणाचा आहे. तोडगाही त्यांनीच काढला. मास्तरांना घर हवंच आहे, त्यांनी घ्यावं.

सरूबाई म्हणाली, मी शब्द देऊन बसले आहे. माणसाच्या सांगण्याने शब्द मोडायची नाही. देवाने सांगितलं तर मोडते. मास्तरांनी बसावं. उजवा आला तर घर त्यांचं आणि मी शब्दातून सुटले. डावा आला तर तुळशीरामचं, आणि मग कुणी मला बोलायचं नाही.

गल्लीने हे आनंदाने मान्य केलं. धोंडा आपल्याच गल्लीतला आहे असं त्यांना वाटत असावं.

त्या सोमवारी देवळापुढे जत्रा भरली. वकीलसाहेब पांढऱ्या टोपीत आले होते. बाई मुलींना घेऊन पारापाशी उभ्या होत्या, धाकटीचा श्वास वाजत होता. तुळशीराम खाकी कपड्यात, पिशवीसकट, बऱ्याच अंतरावर सायकल धरून उभा होता. सरूबाईने त्याला बोलावलं होतं. कुणीतरी टोमणा मारला, काय तुळशीराम, देव सोडले म्हणतात तुम्ही, मग इथं कायले आले?

तो म्हणाला, "तुमचा देव मी मानत नाही. मास्तरले मानतो."

मास्तरांनी ते ऐकलं. कोट काढता काढता त्यांचा हात बाहीत अडकला, मला ओढून काढावा लागला.

गाभाऱ्यात आम्ही दोघंच होतो. लोक बाहेर, दार लोटलेलं. मास्तरांनी रेघ ओढली, बसले, डोळे मिटले. बाहेरून धाकटीचा खोकला ऐकू येत होता. मी माझ्या खुलाशाप्रमाणे वाट बघत होतो. या माणसाच्या मनात आज घराशिवाय दुसरं काही नाही, तेव्हा शरीर उजवीकडे झुकणार.

धोंडा डावीकडे फिरला. बोटभर नाही, चांगला वीतभर.

मास्तर उतरले. रेघेकडे बघत राहिले. एरवी ते मला विचारत, "कोणीकडे, बापू?" आणि मी सांगितल्यावरच बाहेर जात. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. खाली वाकले, धोतराच्या सोग्याने आधी धोंड्यावरची रेघ पुसली, मग फरशीवरची. दार उघडलं आणि खालमानेने म्हणाले, "उजवा."

मागे मी कोट घेऊन उभा. माझ्याकडे कुणीही पाहिलं नाही. मास्तर बोलल्यावर साक्षीदाराला विचारायची त्या गावात रीत नव्हती.

बाईंनी पदराने डोळे पुसले. वकीलसाहेबांनी महादेवाच्या नावाने जयघोष केला, ते इतर दिवशी देवळात दिसत नसत. सरूबाईने तुळशीरामकडे बघून हात जोडले. तो मान हलवून बरं म्हणाला, टोपी नीट केली आणि सायकलवर बसून टपाल वाटायला गेला. वाटेत वकीलसाहेबांचंही टपाल होतं.

इसार झाला, खरेदी झाली. मास्तर राहायला येण्याआधीच तुळशीरामने खोल्या सोडल्या. जाताना त्याच्या बायकोने जमीन सारवली होती. पुढे त्याने मारेगावला बदली मागून घेतली. कवेलूंचा थर मात्र निंबाखालीच राहिला.

तिथून पुढे मास्तर निराळे झाले. नव्या घरात बाईंनी देव मांडले. मास्तर तिथे पूजेला बसले नाहीत. सोमवारी देवळात जात, पण पायरीपाशीच उभे राहून परत येत. लोक बोलवायला येत तर म्हणत, "माह्यावर नका ठेवू. दुसरा कोणी पाहा." लोकांना वाटलं, मास्तर मोठे झाले. शाळेत भूमिती तशीच चोख शिकवत, पण रेघ ओढताना हात जरा थांबे. रस्त्याने कुणी सोबत चालू लागलं की दुकानात काही घ्यायचं निमित्त काढून मागे राहत. खिशात खडू दिसेनासा झाला.

पावसाळ्यात मागच्या खोल्यांचं छप्पर गळू लागलं. बाई म्हणाल्या, अंगणात नवी कवेलू पडली आहेत, ती चढवा. मास्तर म्हणाले, ती आपली नाहीत. मग कुणाची? त्यांनी गळतीखाली घमेली आणि पातेली ठेवली. बाजारातून दुसरी कवेलू का आणली नाहीत, ते मी विचारलं नाही. मला वाटतं, गळणं त्यांना बरं वाटत असावं. बाई पातेलं रिकामं करता करता मला म्हणाल्या, "पाहा जी, देवानं दिलेलं घर. देवच गळून राह्यला."

त्यांना काही माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी त्यांच्या हातचा चहा पीत होतो.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा वाचनालयात सत्कार झाला. शाल, नारळ, हार. वकीलसाहेबांचं भाषण आजही अर्धं पाठ आहे. ज्यांच्या जिभेवर असत्य कधी चढलं नाही, ज्यांच्यामुळे आपल्या गल्लीचा एक नाजूक प्रश्न ईश्वरी इच्छेने सुटला, वगैरे. मग सत्काराला उत्तर द्यायला मास्तर उठले. हार काढून टेबलावर ठेवला.

"त्या सोमवारी धोंडा डावा फिरला होता," ते म्हणाले. "मी उजवा सांगितलं. घर तुळशीरामचं होतं."

मला वाटलं, आता काहीतरी होणार. मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि बघता बघता सगळे वाजवू लागले. वकीलसाहेब उठून, मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की स्वतःकडे असा कमीपणा घेणं हेच थोरांचं लक्षण. हार परत गळ्यात घातला. पानसुपारी झाली. बाहेर पडताना एक किराणा दुकानदार मास्तरांना समजुतीने म्हणाला, "जाऊ द्या मास्तर. डावा का उजवा, झालं ते बरंच झालं ना."

एवढी वर्षं जो धोंडा गावाचा देव होता, तो डावीकडे फिरलेला कळल्यावर कुणालाच नको होता. खाली मान घालून बसलेले फक्त मास्तर होते. माझी मानही वर नव्हती, पण मी मागच्या रांगेत असल्यामुळे ते दिसलं नाही.

घरी जाताना त्या दिवशी ते दुकानाचं निमित्त न काढता माझ्याबरोबर चालले. म्हणाले, "तुले मी त्या दिवशी विचारलं नाही बापू. कारण तू खरं सांगितलं असतं."

माझ्याबद्दल इतकं चांगलं मत आजवर दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. ते खरं ठरलं असतं की नाही, हे तपासायची पाळी त्यांनी माझ्यावर येऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटारीने मारेगावला गेलो. तुळशीरामचं घर लहान, मातीचं, पण स्वतःचं होतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी बाबासाहेबांची. त्याने मास्तरांना खाटेवर बसवलं, स्वतः उभा राहिला. मास्तर बसेनात. दोघंही उभेच राहिले, मग मीही.

मास्तरांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "घर तुलेच द्याचं आहे. त्याच भावात. बाईले मी सांगतलं आहे."

तुळशीरामला राग आला असता तर आम्हा दोघांना सोपं गेलं असतं. तो आत गेला, बायकोशी काही बोलला आणि परत आला.

"मास्तर, मी आता कोणाले कौल लावत नाही. घरात विचारतो," तो म्हणाला. "घरातून नाही आलं. बायको म्हणते, ज्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या तिथं लेकरं न्याचे नाहीत."

टाळ्यांची बातमी आमच्याआधी मारेगावला पोहोचली होती.

मास्तरांनी हात जोडले. तुळशीरामने ते धरून खाली केले. चहा झाला. निघताना तो दारापर्यंत आला आणि आठवण झाल्यासारखा म्हणाला, "निंबाखाली माही कवेलू असतीन ना अजून? चढवून टाका. शेवाळ धरून खराब होतीन."

परतीच्या मोटारीत मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांच्या मांडीवर दोन्ही तळहात उताणे पडलेले, कुणी काही द्यावं म्हणून धरल्यासारखे. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या उन्हाळ्यात त्यांनी मागचं छप्पर शाकारून घेतलं. मजूर असूनही प्रत्येक कवेलू स्वतः पुसून वर दिलं. जुन्या काळ्या छपरावर नव्या कवेलूंचा तांबडा तुकडा रस्त्यावरून दिसत असे. घर गळायचं थांबलं. धाकटीला बरं वाटू लागलं. मास्तर घरातल्या देवांपुढे बसले मात्र नाहीत.

साठचं दशक संपत आलं तेव्हा मी वणीतच एक घर घ्यायचं ठरवलं. भाव अजून चढले होते, आणि हे घर आश्चर्य वाटावं इतकं बऱ्या भावात मिळत होतं. देवावर माझा भरवसा नव्हता आणि दलालावर त्याहून नाही, तेव्हा मी मास्तरांकडे गेलो. ते निंबाखाली खाटेवर पडून होते, फार थकले होते. मी विहिरीचं सांगितलं, भिंतींचं, वाऱ्याचं, दिशांचंही सांगितलं. थट्टेने विचारलं, काय मास्तर, बसायचं का एकदा धोंड्यावर? साक्षीला मी आहेच.

ते हसले नाहीत. विचारलं, "तिथं सध्या कोण राह्यते?"

मागे कुणी भाडेकरू असल्याचं दलाल म्हणाला होता. सोडणार आहेत, म्हणाला होता. कोण, किती माणसं, कुठे जाणार, यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

"हे देवाले विचाराचं काम नाही," मास्तर म्हणाले आणि कुशीवर वळले. "जा. त्याहीले विचारून ये."